सर्वेक्षण, भूमी व जल

भूपृष्ठावरील, भूपृष्ठाखालील आणि जलाशयांच्या तळावरील निरनिराळ्या बिंदूंची परस्परसापेक्ष स्थाने अंतर, दिशा आणि उंची किंवा खोली यांच्या मापनाने निश्चित करणे व ती ठराविक प्रमाणात नकाशावर मांडणे, या शास्त्रास व कलेस सर्वेक्षण म्हणतात. नकाशावर योजिलेली रेषा प्रत्यक्ष जमिनीवर आखून देणे ही उलट क्रियाही सर्वेक्षणातच मोडते. जमिनीच्या सर्वेक्षणास मराठीत मोजणी हा शब्द पूर्वापार रूढ आहे. समुद्र, खाडी, बंदर व नदी यांच्या सर्वेक्षणास जलालेखन म्हणतात. दोन्हींची साधने वेगळी असली, तरी मूलतत्त्वे एकच आहेत. मात्र जमीन मोजणाऱ्यास आपली चूक पुष्कळदा डोळ्यांनी दिसते. पाण्याचा तळ मोजणाऱ्यास ती दिसत नाही आणि कोणाची तरी नाव आपटेपर्यंत ती लपून राहू शकते.

मूलतत्त्वे : पहिले तत्त्व पूर्णाकडून अंशाकडे जाण्याचे होय. प्रथम संपूर्ण क्षेत्र व्यापणारे थोडे नियंत्रण बिंदू अत्यंत काळजीपूर्वक निश्चित करतात आणि मग त्यांच्या आधाराने आतील तपशील भरतात. याच्या उलट, एका कोपऱ्यापासून तुकड्यास तुकडा जोडत गेल्यास प्रत्येक तुकड्यातील अल्पशी चूक पुढच्यात मिसळते व अखेरीस तिचा डोंगर होतो. दुसरे तत्त्व असे की, नवा बिंदू ठरविण्यास आधीच्या निश्चित बिंदूंपासून निदान दोन मापे लागतात: दोन अंतरे, दोन कोन अथवा एक अंतर व एक कोन. या दोन मापांनी बिंदू मिळतो. परंतु तो बरोबर आहे किंवा नाही हे कळत नाही. म्हणून तिसरे, पडताळ्याचे माप घेतात. गणिताच्या दृष्टीने ते अनावश्यक असते. नवशिक्याचा कल ते टाळण्याकडे असतो आणि सर्वेक्षकाची पारख नेमकी तेथेच होते.

पृथ्वीचा पृष्ठभाग वक्र असला, तरी लहान क्षेत्रात तो सपाट मानून चालते. सपाट अंतर व वक्र अंतर यांत १८ किमी. लांबीस सुमारे ६ मिमी. एवढाच फरक पडतो. उंचीच्या बाबतीत मात्र ही सवलत फार लवकर संपते. दृष्टिरेषा सरळ जाते आणि जमीन तिच्याखाली वाकत जाते. त्यामुळे १ किमी. अंतरावर सुमारे ७·८ सेंमी. फरक पडतो. हवेतील प्रकाशाच्या वक्रीभवनाने तो थोडा कमी होऊन ६·७ सेंमी.च्या आसपास येतो. क्षैतिज मोजणीत जी पृथ्वी सपाट मानली, तीच पृथ्वी उंचीच्या मोजणीत त्याच दिवशी वक्र मानावी लागते.

साखळी व शंकू : अंतर मोजण्याचे सर्वांत जुने साधन काठी वा दोरी होय. शिवकालीन मोजणीची काठी पाच हात व पाच मुठी लांबीची मानली जाते. अशा २० काठ्या लांब व २० काठ्या रुंद क्षेत्राचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर होत असे. दोरी ओलाव्याने आखडते व ताणाने वाढते, म्हणून तिची जागा पुढे लोखंडी कड्यांच्या साखळीने घेतली. मुंबई इलाख्यातील जमीन महसुलाच्या मोजणीत ३३ फूट लांबीची व १६ आण्यांत विभागलेली साखळी वापरण्यात आली. एक साखळी लांब व एक साखळी रुंद क्षेत्र म्हणजे एक गुंठा (१०१·१७ चौ. मी.) आणि ४० गुंठ्यांचा एक एकर, असा हा हिशेब सोपा असल्यामुळे तो शेतकऱ्याच्या तोंडी बसला. मेट्रिक पद्धत आल्यावर २० व ३० मी. लांबीच्या साखळ्या व पोलादी फिती प्रचारात आल्या व क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिले जाऊ लागले, तरी गावातील बोलणे गुंठ्यातच राहिले.

शेताच्या मोजणीत प्रथम शेतातून एक लांब आधाररेषा घेतात. ती सरळ राहावी म्हणून दोन टोकांस व मध्ये झेंड्या रोवतात. बांधाच्या प्रत्येक वळणापासून या रेषेवर काटकोनात लंब टाकतात. काटकोन साधण्याचे उपकरण म्हणजे शंकू; यात उभ्या दांड्यावर परस्परांशी काटकोनात छेदणाऱ्या दोन दृष्टिरेषा साधणाऱ्या फटी असतात. आधाररेषेवर लंब कोठे पडला व तो किती लांब आहे, एवढी दोनच मापे प्रत्येक वळणासाठी टिपावी लागतात. मग शेताचे त्रिकोण व समलंब चौकोन पडतात आणि क्षेत्रफळ साध्या गुणाकार-बेरजेने निघते. ही मापे ज्या कच्च्या आकृतीवर लिहितात, तिला टिपण म्हणतात. टिपण प्रमाणात काढलेले नसते; त्यातील आकडे हेच खरे माप असते. बांध नाहीसा झाला वा दगड हलला, तर टिपणातील आकड्यांवरून हद्द पुन्हा जमिनीवर आखता येते. शेजाऱ्याशेजाऱ्यांतील वादाचा निकाल पुष्कळदा पिढ्यांपूर्वी भर उन्हात लिहिलेल्या अशा एखाद्या आकड्यावर अवलंबून असतो. तेथे ३ चा ८ वाचला जाईल असे अक्षर काढणे हा मोजणीचाच दोष समजला पाहिजे.

साखळी वापराने लांबते. लांबलेल्या साखळीने मोजलेले अंतर खऱ्यापेक्षा कमी भरते. नवशिक्यास हे उलटे वाटते. ३० मी. साखळी ६ सेंमी.ने लांबली असता तिने ६०० मी. भरलेले अंतर वस्तुतः ६०१·२ मी. असते. ही चूक लांबीत ५०० त १ एवढी आहे. क्षेत्रफळात मात्र ती दुप्पट, म्हणजे २५० त १ होते. १० एकरांच्या शेतात ती सुमारे १·६ गुंठे भरते. ३३ फुटी साखळीत एवढी चूक होण्यास पाऊण इंचाहून किंचित अधिक वाढ पुरते. यास्तव कामाच्या आरंभी व अखेरीस साखळी प्रमाणित लांबीशी ताडून पाहण्याचा नियम आहे. कडी मोजण्यात झालेली ढोबळ चूक सहसा उघडकीस येते. लांबलेल्या साखळीची चूक प्रत्येक मापात एकाच दिशेने साचत जाते आणि टिपण मात्र आपल्याशी सुसंगत दिसत राहते.

नकाशावरील अंतर व क्षेत्र नेहमी क्षैतिज पातळीतील असते. १० अंशांच्या उतारावर मोजलेले १०० मी. नकाशावर ९८·५ मी. होतात. कोकणातील वा मावळातील डोंगरउताराचा शेतकरी आपली जमीन पायाने मोजून ती कागदावर कमी भरल्याची तक्रार करतो, तेव्हा पुष्कळदा दोघेही खरे असतात. उतारावर साखळी पायऱ्यापायऱ्यांनी आडवी धरून व तिच्या टोकापासून ओळंबा सोडून हे क्षैतिज अंतर थेट मिळविता येते.

महाराष्ट्रातील मोजणीच्या इतिहासात इंदापूर तालुक्याचे स्थान महत्त्वाचे आहे. पुणे जिल्ह्यात १८३० च्या सुमारास प्रिंगल यांनी केलेली मोजणी व आकारणी टिकली नाही. शेताच्या निव्वळ उत्पन्नाचा हिशेब अवाजवी गुंतागुंतीचा होता आणि मोजणीतही मोठे दोष आढळले. नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूरपासून फेरमोजणी हाती घेतली व १८३६ मध्ये तेथे नवी आकारणी लागू झाली. तिच्यात शेत हा घटक धरून त्याची मोजणी, प्रतवारी व ३० वर्षांसाठी आकार ठरविण्याची पद्धत बसविण्यात आली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीचे नियम निश्चित झाले. प्रिंगल यांच्या आकारणीचा जाच रयतेला शेते ओसाड टाकण्यापर्यंत पोहोचला होता, ही गोष्ट सदोष मोजणीचा परिणाम किती दूरवर जातो हे दाखविते.

दिशामापन व फलक : होकायंत्राने रेषेचा चुंबकीय उत्तरेशी होणारा कोन मिळतो. चुंबकीय उत्तर व भौगोलिक उत्तर यांतील फरक स्थळाप्रमाणे व काळाप्रमाणे बदलतो, त्यामुळे जुन्या नकाशावरील कोन वापरताना वर्ष पाहणे अवश्य असते. दख्खनच्या पठारावर आणखी एक अडचण आहे. येथील बेसाल्ट खडकात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असल्यामुळे काही ठिकाणी सुई स्थानिक आकर्षणाने ढळते. रेषेच्या दोन्ही टोकांवरून घेतलेल्या दिशांत बरोबर १८० अंशांचा फरक नसेल, तर अशा आकर्षणाची शंका घ्यावी. खिशातील किल्ल्या, कमरेचा पट्टा व जवळची लोखंडी साखळी यांकडेही नजर टाकावी.

फलक सर्वेक्षणात तिपाईवर बसविलेल्या सपाट फळीवर कागद लावून नकाशा जागेवरच काढतात. दृष्टिपट्टीने वस्तूकडे नेम धरून किरणरेषा ओढतात. दोन ठिकाणांहून ओढलेल्या रेषा जेथे छेदतात तेथे ती वस्तू असते. नकाशा समोर असतो व जमीनही समोर असते, त्यामुळे राहिलेला तपशील वा चूक तत्काळ लक्षात येते. शिकणाऱ्यास सर्वेक्षणाची दृष्टी देणारी दुसरी पद्धत नाही. पावसाळ्यात मात्र ही पद्धत निरुपयोगी ठरते, कारण दमट हवेत कागद फुगतो.

त्रिभुजीकरण : थिओडोलाइट या उपकरणाने क्षैतिज व उभे कोन अचूक मोजता येतात. त्रिकोणाची एक बाजू व कोन माहीत असता उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. यामुळे एकच आधाररेषा प्रत्यक्ष मोजून तिच्यापासून शेकडो किमी.पर्यंत त्रिकोणांची साखळी पसरता येते. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे १२ किमी. लांबीची अशी आधाररेषा मोजून जे काम सुरू केले, ते पुढे भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांचा मोठा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टन वजनाचा होता. १८०८ मध्ये तंजावर येथे मंदिराच्या उंच शिखरावर चढविताना दोर तुटून तो भिंतीवर आदळला व त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्बटन यांनी काही आठवडे खपून ते स्वतः दुरुस्त केले. १८२३ मध्ये त्यांचा मृत्यू विदर्भातील हिंगणघाट येथे, कामावर असतानाच झाला. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हे काम पुढे नेले आणि त्यांच्यानंतर, १८५० नंतरच्या दशकात, याच त्रिकोणांवरून जगातील सर्वोच्च शिखराची उंची २९,००२ फूट निघाली. या गणनेत राधानाथ सिकदार यांचा मोठा वाटा होता. त्रिकोणाचे दोन कोन मोजल्यावर तिसरा कोन वजाबाकीने मिळतो, तरीही या सर्वेक्षणात तो मोजला जात असे.

तलमापन : दोन बिंदूंच्या उंचीतील फरक काढण्यास तलमापन म्हणतात. तलमापीची दुर्बीण क्षैतिज करून उभ्या धरलेल्या पट्टीवरील आकडा वाचतात. माहीत उंचीच्या बिंदूवरील पट्टीचे वाचन ते पश्चदृष्टी व पुढील बिंदूवरील वाचन ते अग्रदृष्टी. समजा, तलचिन्हाची उंची ५६२·३४० मी. व पश्चदृष्टी १·४८५ मी. आहे; दृष्टिरेषेची उंची ५६३·८२५ मी. झाली. अग्रदृष्टी २·९१० मी. आल्यास पुढील बिंदू ५६०·९१५ मी. उंचीवर आहे. उपकरण पुढे नेऊन त्याच बिंदूवर पश्चदृष्टी ०·७३५ मी. घेतली, की नवी दृष्टिरेषा ५६१·६५० मी. होते, नंतरची अग्रदृष्टी ३·१२० मी. असल्यास शेवटचा बिंदू ५५८·५३० मी. होय. पश्चदृष्टींची बेरीज २·२२० व अग्रदृष्टींची ६·०३० असून त्यांतील फरक ३·८१० मी. आहे. पहिल्या व शेवटच्या उंचीतील फरकही तेवढाच येतो.

हा पडताळा जुळला म्हणजे काम बरोबर झाले, हा समज चुकीचा आहे. त्याने केवळ बेरीज-वजाबाकी तपासली जाते. पट्टी चुकीची वाचली असेल, तर हिशेब तरीही जुळतो. खरी तपासणी म्हणजे निघालेल्या तलचिन्हावर वा दुसऱ्या ज्ञात चिन्हावर परत येऊन मिळणे. सामान्य कामात परतीच्या वेळी येणारी तफावत १२√कि मिमी. (कि म्हणजे किमी.मधील अंतर) यापेक्षा अधिक नसावी, असा दंडक पाळतात. उपकरण पश्चदृष्टी व अग्रदृष्टी यांच्या बिंदूंपासून समान अंतरावर ठेवल्यास दुर्बिणीच्या तिरपेपणाचा व पृथ्वीच्या वक्रतेचा दोष दोन्ही वाचनांत सारखाच येऊन वजाबाकीत नाहीसा होतो. एवढा मोठा लाभ एवढ्या थोड्या श्रमात सर्वेक्षणात अन्यत्र मिळत नाही.

५,००० त १ उताराचा कालवा दर किमी.ला २० सेंमी. उतरतो. तलमापनात १० सेंमी. चूक झाली, तर अर्ध्या किमी.चा उतार गेला असे समजावे. शेपटाकडील शेतास पाणी पोहोचत नाही व दोष गाळाला दिला जातो. धरणाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या समोच्च रेषांवरून जलाशयाची धारणशक्ती व बुडीत क्षेत्र काढतात. ६०० मी. समोच्च रेषेने १२ हेक्टर व ६०२ मी. रेषेने १८ हेक्टर क्षेत्र वेढले असल्यास मधल्या थराचे घनफळ सरासरी क्षेत्र गुणिले २ मी., म्हणजे ३० हेक्टर-मीटर किंवा ३ लक्ष घ. मी. होते. पण तीच रेषा कोणाचे घर बुडिताच्या आत व कोणाचे बाहेर हेही ठरविते. सपाट खोऱ्यात उंचीतील अर्ध्या मीटरच्या चुकीने ही रेषा आडवी शेकडो मीटर सरकू शकते.

उंचीचे शून्य : जमिनीवरील उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. भारताचे हे शून्य कराची, मुंबई, कारवार, मद्रास इ. नऊ बंदरांतील भरतीमापनावरून ठरले व १९०९ मध्ये सर्व तलमापनाचे जाळे त्याच्याशी जुळविण्यात आले. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापकाची नोंद १८७८ पासून उपलब्ध आहे. नाविक नकाशाचे शून्य मात्र वेगळे असते. नाविकास सरासरी पाणी नको, तर कमीत कमी पाणी किती हे हवे असते. म्हणून नकाशातील खोली ओहोटीच्या नीचतम पातळीच्या जवळपास घेतलेल्या शून्यापासून देतात. मुंबईस सरासरी समुद्रसपाटी या नाविक शून्याच्या २·५१ मी. वर आहे. उधाणाच्या भरतीची सरासरी पातळी ४·४२ मी. व उधाणाच्या ओहोटीची ०·७६ मी. आहे. हा फरक प्रत्येक बंदरात निराळा असतो. खंबायतच्या आखातात भावनगरजवळ भरती-ओहोटीतील अंतर १० मी.च्या आसपास जाते.

या दोन शून्यांची गल्लत ही किनाऱ्यावरील कामांतील सर्वांत महाग चूक होय. मुंबईतील उधाणाची भरती जमिनीच्या शून्यावरून १·९१ मी. येते. हा आकडा कोणी नाविक शून्यावरून समजून खार जमिनीचा बांध आखला, तर तो भांगाच्या भरतीलाही पाण्याखाली जाईल. यास्तव पातळीच्या प्रत्येक आकड्याबरोबर त्याचे शून्य लिहिणे आवश्यक आहे.

जलालेखन : पूर्वी खोली शिसे बांधलेल्या दोरीने वावांत मोजीत. शिशाच्या बुडाशी चरबी लावलेली असे. तिला चिकटलेल्या वाळू, चिखल वा शिंपल्यांवरून तळाचा प्रकार कळे व त्यावरून नांगर धरेल की नाही याचा अंदाज येई. नंतर प्रतिध्वनी खोलीमापक प्रचारात आला. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १,५०० मी. असतो, तळावरून परत येण्यास ०·०४ सेकंद लागले, तर खोली ३० मी. होय. हा वेग तापमान, क्षारता व दाब यांप्रमाणे बदलतो. म्हणून धातूची पट्टी ठराविक खोलीवर सोडून उपकरणाचे वाचन रोज तपासतात. खाड्यांतील मऊ चिखलात वेगळीच फसगत होते: उच्च कंप्रतेचा ध्वनी पातळ चिखलाच्या वरच्या थरावरूनच परततो, तर नीच कंप्रतेचा खालच्या कठीण तळापर्यंत पोहोचतो. कोणता तळ नकाशावर दाखवावयाचा हे काम कशासाठी आहे यावर ठरते.

मोजलेल्या खोलीतून त्या क्षणाची भरतीची पातळी वजा करावी लागते. ६·८ मी. खोली मोजताना पाणी नाविक शून्याच्या ३·१ मी. वर असेल, तर नकाशावर ३·७ मी. लिहावयाचे. ही वजाबाकी राहिली, तर ५ मी. डुबाचे जहाज ६·८ मी. वाचून निर्धास्त आत येईल आणि उधाणाच्या ओहोटीस त्याच्याखाली जेमतेम ४·५ मी. पाणी असेल. यामुळे होडीवरील नोंदींइतकाच काठावरील भरतीपट्टी वाचणारा मनुष्य महत्त्वाचा असतो. दोघांची घड्याळे एक असावी लागतात.

होडीचे स्थान किनाऱ्यावरील तीन ज्ञात खुणांमधील दोन कोन सेक्स्टंटने मोजून ठरवीत. होडी त्या तीन खुणांतून जाणाऱ्या वर्तुळावरच असेल, तर मात्र स्थान निघत नाही. मापनरेषा सामान्यतः किनाऱ्यास काटकोनात घेतात आणि त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेषा पडताळ्यासाठी घेतात. दोन रेषांच्या मधला खडक एकेरी खोलीमापकास सापडत नाही. बहुशलाका खोलीमापकाने तळाचा संपूर्ण पट्टा एकाच वेळी मोजता येऊ लागल्यावर ही उणीव बरीच भरून निघाली. नदीच्या विसर्गमापनात छेदाचे भाग पाडून प्रत्येकाचे क्षेत्रफळ व प्रवाहाचा वेग यांचा गुणाकार करतात. पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांश अंतरावरील वेग सरासरी मानतात.

नवी साधने : विद्युत् अंतरमापक व थिओडोलाइट यांचे एकत्रीकरण होऊन टोटल स्टेशन आले आणि त्यानंतर उपग्रहाधिष्ठित स्थाननिश्चितीने साखळीची गरज बव्हंशी संपविली. भारतात २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार नागरी वापराच्या नकाशांसाठी एव्हरेस्ट गोलाभाऐवजी जागतिक गोलाभ स्वीकारण्यात आला. त्यामुळे जुन्या व नव्या नकाशांवरील अक्षांश-रेखांश तसेच ताडून पाहणे धोक्याचे आहे. उपग्रहावरून मिळणारी उंचीही गणिती गोलाभापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. मुंबईजवळ या दोहोंत ६० मी.हून अधिक फरक आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनच्या साहाय्याने करण्यात आली. शेताच्या हद्दीचा प्रश्न मात्र केवळ अचूक उपकरणाने सुटत नाही. उपग्रहग्राही आजच्या बांधाचे स्थान सेंमी.पर्यंत सांगतो, बांध मुळात कोठे होता हे टिपणच सांगते, आणि दोहोंचा मेळ घालण्यास शंकू-साखळीची रीत समजणारा भूकरमापक लागतो.

शिक्षण : प्रशिक्षणात साखळी, होकायंत्र, फलक, तलमापी व थिओडोलाइट हा क्रम पूर्वीपासून रूढ आहे. इलेक्ट्रॉनिक साधनांपासूनच आरंभ करण्याचा प्रघात वाढत असला, तरी तो इष्ट नव्हे. चूक कोठून येते हे साखळी हाती धरल्याखेरीज उमगत नाही. क्षेत्रपुस्तिका जागेवरच लिहितात. चुकलेला आकडा खोडरबराने पुसत नाहीत. त्यावर एक रेघ मारून बरोबर आकडा वर लिहितात, म्हणजे पहिले वाचनही पुढे तपासता येते. सर्वेक्षकाचा अभ्यासक्रम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत असून स्थापत्य अभियांत्रिकीत हा विषय अनिवार्य आहे. भूसर्वेक्षणाचे उच्च प्रशिक्षण भारतीय सर्वेक्षण विभागाच्या हैदराबाद येथील संस्थेत, तर जलालेखनाचे भारतीय नौदलाच्या गोव्यातील राष्ट्रीय जलालेखन संस्थेत दिले जाते; गोव्यातील संस्थेत परदेशांतील प्रशिक्षणार्थीही येतात.